आपल्या गोलामागची जागा

एकदा कोल्हापूरच्या एका पेठेत असा एक फुटबॉलपटू होता, की तो रस्त्याने निघाला म्हणजे लोक आधी त्याच्या पायांकडे पाहत आणि मग तोंडाकडे. त्याने मारलेल्या गोलांचा विक्रम पुढे कुणालाच मोडता आला नाही. हा मोडेल, तो मोडेल असे ज्यांच्याबद्दल बोलले गेले, ती पोरे नोकरीला लागली, लग्ने करून जाड झाली, नाहीतर गुडघा धरून घरी बसली. विक्रम आपला जागच्या जागी राहिला. पेठेतल्या चहाच्या गाड्यावर म्हाताऱ्यांचे भांडण लावून द्यायचे असेल, तर याचा सर्वांत देखणा गोल कोणता, एवढेच विचारावे. त्यांची संध्याकाळ सार्थकी लागते आणि आपलीही करमणूक होते.

आपण त्याला शिष्य म्हणू. एवढ्या मोठ्या खेळाडूला शिष्य म्हणणे पेठेला रुचणार नाही, पण या गोष्टीत तो तेवढाच आहे.

त्या गावात फुटबॉल तालमीत वाढतो. जिथे एके काळी पहिलवान घुमत, त्याच तालमीचा फुटबॉलचा संघ असतो, आणि पोरे मैदानावर निघताना आखाड्यातली तांबडी माती कपाळाला लावून निघतात. म्हणून त्यांना खेळ शिकवणाऱ्यालाही लोक वस्तादच म्हणतात. या शिष्याचे वस्ताद तरुणपणी कुस्ती खेळलेले, पुढे फुटबॉलच्या नादी लागलेले. बोलणे कमी. पोराने चांगले केले तरी हुंकार आणि वाईट केले तरी हुंकार. त्यातला कोणता कशाचा, हे ओळखायला शिकण्यातच पोरांची पहिली दोन वर्षे जात.

या वस्तादांची एक तऱ्हा होती. सामना सुरू झाला की सगळी पेठ प्रतिस्पर्ध्याच्या गोलाकडे सरकायची. साहजिकच होते, आपला पोरगा तिकडे गोल मारणार, तर तो जवळून पाहायला नको? वस्ताद मात्र आपली घोंगडी उचलून आपल्याच संघाच्या गोलामागे जाऊन बसत. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या की तेही घोंगडी काखेत मारून, सावकाश चालत, पुन्हा आपल्या गोलामागे. कुणी विचारलेच तर म्हणायचे, "तिकडं बघायला सगळं गाव हाय की."

शिष्याच्या मनात या गोष्टीचा एक सल होता. ज्या दिवशी त्याने जुना विक्रम मागे टाकला, त्या दिवशी गुलालाने मैदान लाल झाले होते. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. त्या उंचीवरून त्याने गर्दीत वस्तादांना शोधले. वस्ताद पलीकडच्या टोकाला होते आणि स्वतःच्या टॉवेलने आपल्या गोलरक्षकाचा घाम पुसत होते. ज्याच्याकडे त्या सामन्यात चेंडू धड फिरकलाही नव्हता, त्याचा घाम! शिष्याला फार लागले. ज्या माणसाने आपल्याला घडवले, त्याने आपला एकही गोल जवळून पाहिला नाही, हे त्याने मनात ठेवले आणि कधी बोलून दाखवले नाही.

पुढे वय झाले, गुडघ्याने दगा दिला आणि त्याने खेळ सोडला. पेठेने त्याला लगेच संघाचा प्रशिक्षक केले. मिरवणूक निघाली, फेटा बांधला गेला. तालमीचे अध्यक्ष गुळाचे व्यापारी होते, ते भाषणात म्हणाले, "ज्यानं एवढं गोल मारलं, त्याच्या हाताखाली अकरा जणं तसलीच तयार झाली तर काय हुईल, सांगा बघू!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. अकरा जण तसलेच तयार झाले तर चेंडू अडवणार कोण, हा प्रश्न त्या दिवशी कुणालाही पडला नाही.

शिष्य मनापासून शिकवू लागला, हे आधी सांगितले पाहिजे. पहाटे सर्वांच्या आधी तो मैदानावर असे. दुखऱ्या गुडघ्याने धावे. पण शिकवायची त्याची एकच पद्धत होती. तो चेंडू ठेवायचा, मारायचा, चेंडू जाळीच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा, आणि मग तो पोरांकडे वळून म्हणायचा, "हे असं. काय अवघड हाय?" पोरे बघत राहायची. त्याला खरेच अवघड वाटत नव्हते. ज्याला एखादी गोष्ट उपजत येते, त्याची हीच पंचाईत असते. ती आपण कशी शिकलो हे त्याला आठवत नाही, कारण तो ती शिकलेलाच नसतो. त्यात त्याचा गर्व नव्हता. उलट, एवढी सोपी गोष्ट आपल्याला शिकवता येत नाही, याचे त्याला मनातून दुःख होते.

आघाडीच्या तिघांना त्याने सांगून ठेवले होते, "तुम्ही मागं यायचं न्हाई. म्होरं थांबायचं, हात वर करायचा, चेंडू मागायचा. मी आयुष्यभर तेच केलं." आणि सामन्यात तो स्वतः प्रतिस्पर्ध्याच्या गोलाच्या बाजूला जमेल तितका सरकून उभा राही. त्याचा दुखरा पाय आपोआप उडे. जणू प्रत्येक चेंडू तोच मारत होता.

संघ हरू लागला.

आता त्या तालमीची एक रीत सांगतो. मारलेला गोल मारणाऱ्याच्या नावावर लागतो, हे जगात सगळीकडेच आहे. पण त्या तालमीत आपल्यावर बसलेला गोलही कुणाच्या तरी अंगावर टाकायची रीत होती. हरून आले की संध्याकाळी सगळे तालमीच्या अंगणात जमायचे, अध्यक्ष विचारायचे, "आजचा गोल कुणाच्या अंगावर?" आणि ज्याचे नाव निघेल त्याने उभे राहायचे. शिक्षा काही नाही. नुसते उभे राहायचे, सगळ्यांनी बघायचे, आणि घरी जायचे. जुन्या लोकांनी ही रीत कोणत्या चांगल्या हेतूने काढली असेल ती असो. आता तिचे एवढेच उरले होते, की सामना संपायच्या आधीपासूनच पोरे आपण कसे सुटू याचा विचार करत. पास चुकला की पोरगा चेंडूमागे धावण्याऐवजी दुसऱ्याकडे बोट दाखवी. अंगणात तर एकेकाची जुंपायची.

आणि शिष्य नाव अचूक सांगायचा. खेळ त्याला कळत होताच. "डाव्या बगलेला आसिफ मागं पडला." "इंद्रजित गोल सोडून म्होरं आला, यायला नको हुता." इंद्रजित चौगुले हा संघाचा गोलरक्षक. त्याच्या अंगावर इतके गोल पडले, की पुढे पुढे नाव निघायच्या आधीच तो उठून उभा राहू लागला. लोक हसत. तोही हसे. ते हसणे पाहून खरे तर कुणीतरी थांबायला हवे होते.

असे करत हंगामाचा शेवटचा सामना आला. हरलो तर संघ वरिष्ठ गटातून खालच्या गटात जाणार. बरोबरी केली तरी टिकणार. ही तालीम आजवर खालच्या गटात कधी गेली नव्हती. अध्यक्षांनी शिष्याला बाजूला घेऊन सांगितले, "तुमचा मान मोठा हाय. पण खाली गेलो तर लोक माझं ऐकणार न्हाईत. दुसरा माणूस बघावा लागंल." शिष्य मान हलवून निघाला. नोकरीचा प्रश्न नव्हता. ज्या पेठेने त्याला खांद्यावर घेतले, त्याच पेठेची तालीम आपल्या हातून खाली जाणार, हे त्याला सोसवत नव्हते. त्याने ठरवले, की इंद्रजितला बसवायचे आणि राखीव गोलरक्षकाला उतरवायचे. ठरवले, पण मन घट्ट होईना. तेव्हा, कित्येक वर्षांनी, तो वस्तादांच्या घरी गेला.

दुपारची वेळ होती. वस्ताद दारातल्या कट्ट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. शिष्याने पाया पडून सगळे सांगितले. पोरांना कळत नाही, पळत नाहीत, गोली घाबरट निघाला, सगळे सगळे. वस्तादांनी मूठभर दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"त्यो तुझा इक्रमाचा गोल," ते म्हणाले, "सांग बघू कसा झाला."

शिष्याला आश्चर्य वाटले. या माणसाने आजवर एकदाही हे विचारले नव्हते. तो खुलला. प्रतिस्पर्ध्याचा गोलरक्षक डावखुरा होता, त्याचा एक हातमोजा अंगठ्याशी उसवला होता. मधला बचावपटू घाऱ्या डोळ्यांचा, सतत काहीतरी चघळणारा. दुसऱ्याच्या बुटाची नाडी सुटली होती, ते हेरून शिष्य त्याच्याच बाजूने गेला. सांगता सांगता तो उठून उभा राहिला. इतक्या वर्षांनी सारे डोळ्यांसमोर होते.

"बरं. चेंडू कुणी दिला हुता?"

शिष्य थांबला. "चेंडू? चेंडू मागनं आला."

"मागनं म्हंजे कुणाकडनं?"

त्याने आठवून पाहिले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "न्हाई आठवत, वस्ताद."

वस्तादांनी हुंकार दिला. तो चांगला की वाईट हे शिष्याला कळले नाही.

"उद्या इंद्रजितलाच खेळीव," ते म्हणाले. "आणि तू माझ्याशेजारी येऊन बस. आपल्या गोलामागं. एक अट हाय. पलीकडं कितीबी दंगा झाला, तरी तिकडं बघायचं न्हाई. आपलीच माणसं बघायची."

"वस्ताद, मी प्रशिक्षक हाय. मला म्होरं उभं राहावं लागतं. बरोबरी करायची तर..."

"म्होरं उभा राहून हितपर्यंत आणलासच की," वस्ताद म्हणाले आणि पुढची शेंग फोडली.

दुसऱ्या दिवशी शिष्याने बाकावर सहायकाला बसवले आणि तो जाळीमागच्या खालच्या पायरीवर वस्तादांच्या घोंगडीवर जाऊन बसला. लोक कुजबुजले. कुणी म्हणाले रुसला, कुणी म्हणाले हार आधीच मानली. त्याला स्वतःलाच आपण काय करत आहोत ते कळत नव्हते. वस्तादांचा शब्द मोडायची सवय नव्हती, म्हणून तो बसला होता.

सामना सुरू झाला आणि पहिली काही मिनिटे त्याला काहीच सुचेना. पलीकडे आरडाओरडा होई आणि त्याची मान तिकडे वळू लागे. मग वस्ताद नुसते खाकरत.

हळूहळू त्याला दिसू लागले. आपले घर आपण रस्त्यावर उभे राहून पाहावे तसा त्याला आपला संघ दिसला. चेंडू पलीकडे असला की सगळ्यांच्या पाठी दिसत. पण चेंडू गमावला, हल्ला आला, की बचावाची पोरे वळून आपल्या गोलाकडे धावत येत, आणि तेव्हा त्यांची तोंडे दिसत. अशी तोंडे त्याने कधी पाहिली नव्हती. डाव्या बगलेचा आसिफ मुजावर धावत येई तेव्हा प्रत्येक पावलाला त्याचा चेहरा वेडावाकडा होई. त्याचा घोटा दुखावलेला होता, आणि आजचा नव्हता. पोरगा लंगडणे लपवायला शिकला होता. ज्याला आपण अंगणात मागे पडला म्हणून उभे केले, तो असा धावत होता.

मधल्या बचावपटूने चेंडू अडवला, मान वर केली, पुढे देण्यासाठी माणूस शोधला. माणूस नव्हता. दूरवर आघाडीची तीन पोरे पाठ करून उभी होती, हात वर करून चेंडू मागत होती. मधोमध ऋतुराज, शिष्याचा सर्वांत आवडता, त्याच्याच ढबीत, त्याच्यासारखाच एक पाय सैल सोडून. मागे काय जळते आहे याची त्याला खबरही नव्हती. शिष्य बघतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःची पाठ पाहिली.

आणि इंद्रजित. प्रत्येक चेंडू अडवला, निसटला किंवा बाहेर गेला, की तो पोरगा आधी बाकाकडे बघायचा. शिष्य तिथे नव्हता, तरी बघायचा. शिवी खायची तयारी ठेवून बघणाऱ्या माणसाची नजर असते, तशी ती नजर होती. हा पोरगा अर्धा सामना प्रतिस्पर्ध्याशी खेळत होता आणि अर्धा आपल्याशी.

मध्यंतर झाले. एकही गोल नव्हता. शिष्य पोरांत गेला. नेहमीप्रमाणे चेंडू कसा मारायचा ते तो सांगेल म्हणून पोरे खाली बघत उभी होती. तो आसिफसमोर गुडघ्यावर बसला आणि त्याने त्याचा मोजा खाली केला. घोटा सुजून काळानिळा झाला होता.

"कवापासनं?"

"कुठं काय दादा, काय न्हाई. खेळतो मी."

"मला दिसलं, आसिफ. तू बस. लई पळलास." मग तो ऋतुराजकडे वळला. "चेंडू गेला की तू मागं यायचं. मी सांगितलेलं सोडून दे. ते माझ्यापुरतं ठीक हुतं, कारण माझ्या वाटचं दुसरी पळत हुती."

पोरे एकमेकांकडे पाहू लागली. दादांची तब्येत बरी आहे ना, असा काहीसा भाव होता. बाजू बदलल्या. वस्ताद घोंगडी काखेत मारून पलीकडे निघाले होते. शिष्याने ती त्यांच्याकडून घेतली, आणि दोघे मैदानाच्या कडेने चालू लागले. तेव्हा वस्ताद बोलले. इतके सलग ते कधी बोलत नसत.

"लेका, गोल मारणाऱ्याची पाठ जन्मभर आपल्याच माणसांकडं असती. त्यात तुझी चूक न्हाई, ती जागाच तसली. तू आपल्या माणसांची तोंडं बघितलीस ती गोल झाल्यावर, तुला मिठी मारायला आल्यावर. हसताना बघितलीस. अडचणीत माणूस कसा दिसतो, ते तुला कवा दिसलंच न्हाई. आणि ज्याला शिकवायचं हाय, त्याला अडचणीतलाच माणूस म्हाईत असावा लागतो. हसणाऱ्याला काय शिकवायचं? म्हणून मी हितं बसतो. तुला वाटतं, वस्तादानं माझा गोल बघितला न्हाई. बघितला की. तू गोल मारलास की आपला गोली मागं वळून मला सांगायचा, 'वस्ताद, त्यानं मारला!' नाचायचा पोरगा. आपण काय अडवलं, ते त्यानं एकदाबी सांगितलं न्हाई. तुझा परत्येक गोल मी त्याच्या तोंडावर बघितलाय."

शिष्याला चालता चालता दिसेनासे झाले. त्याने घोंगडीच्या कोपऱ्याने डोळे पुसले. एवढी वर्षे मनात धरून बसलेली गोष्ट इतकी उलटी निघावी, याची त्याला लाज वाटली आणि आनंदही झाला.

उत्तरार्धात संघ बरा खेळला. फार चांगला खेळला असे म्हणून तुम्हाला खोटे सांगणार नाही; पण माणसे एकमेकांना सापडू लागली. ऋतुराज मागे येऊ लागला. चुकतमाकत, सवय नसल्यासारखा, पण येऊ लागला. वेळ संपत आली. बरोबरी होती. आणखी थोडी कळ काढली असती तर तालीम वाचली असती.

आणि तेव्हाच प्रतिस्पर्ध्याचा एक पोरगा मुसंडी मारून आत घुसला. त्याला अडवायला सर्वांत आधी कोण पोहोचला, तर ऋतुराज. अडवण्याचे काम त्याने जन्मात केले नव्हते. त्याने जीव तोडून पाय घातला आणि पोरगा आडवा झाला. पंचांनी शिट्टी वाजवली. पेनल्टी.

सारे स्टेडियम उभे राहिले. शिष्यही उभा राहिला. इतक्या पेनल्ट्या मारलेल्या त्या माणसाने पेनल्टी मारणाऱ्याचे तोंड प्रथमच समोरून पाहिले. आपण एवढे भयंकर दिसत होतो तर, असे त्याच्या मनात आले. समोर तो थंड चेहऱ्याचा पोरगा, आणि अलीकडे एवढ्या मोठ्या चौकटीत एकटा इंद्रजित. त्याचे खांदे थरथरत होते. त्याने बाकाकडे पाहिले. मग आठवले असावे. तो वळला आणि जाळीतून शिष्याकडे पाहू लागला.

"दादा, कुठं मारंल? सांगा की. तुमाला कळतंय."

शिष्याने समोरच्या पोराचे डोळे पाहिले, खांदा पाहिला. कसलेला मारणारा डोळ्यांनी एकीकडे दाखवतो आणि मारतो दुसरीकडे. आणि फारच कसलेला असला तर हेही उलटवतो. त्याला सांगता आले असते. सांगितले असते तर उडी शिष्याची झाली असती आणि पडणारा मात्र इंद्रजित.

"तुझ्या मनाला येईल तिकडं उडी मार," तो म्हणाला. "अडवलास तर तुझा. गेला तर माझा. ऐकलंस? गेला तर माझा."

इंद्रजितने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग पाठ केली. खांदे थांबले होते.

त्याने उजवीकडे झेप घेतली. पूर्ण, मोकळी, सुंदर झेप. चेंडू डावीकडे गेला.

संघ हरला. तालीम खालच्या गटात गेली.

संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका गच्चीवरून बघत होत्या. वस्ताद आखाड्याच्या उंबऱ्याशी टेकले होते. अध्यक्ष उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण रीत ती रीत. "आजचा गोल कुणाच्या अंगावर?" त्यांनी विचारले.

सवयीने इंद्रजित उठू लागला. शिष्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले आणि आपण उभा राहिला.

"माझ्या," तो म्हणाला. "आजवर जेवढं गोल माझ्या नावावर लागलं, ते लोकांनी लावलं. हा मी मागून घेतोय. ऋतुराजला मागं ये म्हणून मीच सांगितलं. सगळा हंगाम मी ह्यांच्याकडं पाठ करून उभा हुतो. हा गोल माझा हाय, अध्यक्ष. दुसरा माणूस बघा. माझी तक्रार न्हाई."

त्या तालमीत गोल असा आपण होऊन आजवर कुणी मागून घेतला नव्हता. पुढे काय करायचे असते, हे अध्यक्षांनाही ठाऊक नव्हते.

तेवढ्यात ऋतुराज उभा राहिला. "दादांचा कसा? पाडला मी. मी उशिरा पोचलो. गोल माझा."

"तू पोचलास तरी," आसिफ एका पायावर उठत म्हणाला. "ती बगल माझी. मी लंगडणं लपीवलं नसतं तर दादांनी आधीच दुसरा तयार केला असता. माझाच हाय त्यो."

"आरं, पण चेंडू घालवला कुणी? मी घालवला!" मधला बचावपटू मागून ओरडला.

आणि मग जुंपली. याआधीही त्या अंगणात भांडणे झाली होती, पण अशी नाही. जो तो गोल आपल्याकडे ओढत होता. ज्याने सामनाभर चेंडूला शिवले नव्हते, असा एक राखीव पोरगाही काहीतरी कारण काढून उभा राहिला. गच्चीवरच्या बायकांत खसखस पिकली. अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले.

"गप बसा! एका गोलाला एवढं मालक? गूळ विकताना मला कवा एवढी गिऱ्हाइकं आली न्हाईत!"

सगळे हसले, आणि हसणे ओसरले तसा इंद्रजित हळूच उभा राहिला. तो रडत होता. "मला माझी उडी तरी ठेवा," तो म्हणाला. "चुकीच्या अंगाला मारली, पर मनानं मारली. ती कुणाला देणार न्हाई मी."

अध्यक्षांनी एकेका पोराकडे पाहिले. सकाळपासून मनाशी जुळवून ठेवलेले निरोपाचे भाषण त्यांनी केले नाही. ते खाली, पोरांतच बसले आणि घसा साफ करून शिष्याला म्हणाले, "खालच्या गटात खेळायचं म्हंजे तयारी लवकर धरावी लागंल. सराव उद्यापासनं घेताय का?"

"उद्या नको," शिष्य म्हणाला. "उद्या आसिफला हाडाच्या डॉक्टरकडं न्यायचंय."

उंबऱ्याशी बसलेल्या वस्तादांनी हुंकार दिला. या वेळी तो कशाचा, हे शिष्याला लगेच कळले.